डावीकडची गिटार

हेडफोन घेणं म्हणजे चपला घेण्याइतकं सोपं काम, असं ज्यांना वाटतं ती माणसं हेवी मेटल ऐकत नसतात. वरातीतलं गाणं कशातूनही वाजवा, वाजतंच. मेटलचं तसं नाही. एक गिटार डावीकडून, एक उजवीकडून, मध्ये दोन्ही पायांनी तुडवलेला ड्रम आणि त्या सगळ्यावर एक माणूस घसा फाडून ओरडत असतो. हेडफोन भिकार असला की या सगळ्याचा नुसता चिखल होतो. मी वर्ध्याला एका कचेरीत बसते, चाळिशीला टेकले आहे, लग्न केलेलं नाही आणि सिंदी मेघेला आईबाबांसोबत राहते. अशी बाई हे संगीत ऐकते म्हटल्यावर लोक माझ्याकडे बाहेरची बाधा झाल्यासारखं बघतात. बघू देत.

जुना हेडफोन मोडला तेव्हा आधी मेन रोडवरच्या दुकानात गेले. दुकानदारानं स्वतःच्या आवडीचं डीजेचं गाणं लावलं आणि म्हणाला, बास पहा ताई, छाती हालते का नाई. छाती हालली. मग मी माझं गाणं लावलं. ड्रमचे ठोके वेगवेगळे ऐकूच येईनात, ओल्या कापसाच्या गाठीवर कोणी काठी हाणावी तसा सगळा आवाज. मी नको म्हटलं. तो म्हणाला, सगळे हेच नेतात. सगळे जे नेतात ते न नेण्याची मला लहानपणापासून खोड आहे, पण ते त्याला कशाला सांगा.

शेवटी ऑनलाइन मागवला. दणका कमी, पण स्वच्छ. झांजा झांजेसारख्या, ड्रमचा प्रत्येक ठोका सुटा. फक्त डावीकडची गिटार मरतुकडी होती, शेजारच्या घरात दार लावून कोणी वाजवत असल्यासारखी. जुन्या, स्वस्तातल्या हेडफोनात दोन्ही गिटारी एकात एक कालवलेल्या असायच्या, त्यामुळे हे कधी कळलं नव्हतं. मी तो परत पाठवला. कारण लिहिलं, डावी बाजू कमजोर. बदलून आला, तोही तसाच. कंपनीला यथेच्छ शिव्या दिल्या, एक तारा दिला आणि दुसऱ्या कंपनीचा मागवला. त्याचीही डावी बाजू मेलेली. माणूस आधी वस्तूवर संशय घेतो, मग कंपनीवर, मग सगळ्या देशाच्या कारभारावर. स्वतःच्या अंगावर सगळ्यात शेवटी.

एका रविवारी घाईत तो हेडफोन उलटा घातला गेला. डावं उजवीकडे, उजवं डावीकडे. आणि जी गिटार इतके दिवस मरतुकडी होती ती खणखणीत वाजायला लागली, आणि जी खणखणीत होती ती शेजारच्या घरात गेली. मी काढला, सुलटा घातला, परत उलटा घातला. कमजोर बाजू काही केल्या जागची हलेना. ती माझ्या डोक्याला जोडलेली होती.

दवाखान्यात त्यांनी मला काचेच्या खोलीत बसवलं आणि कानांवर एक जाडजूड हेडफोन चढवला. आवाज आला की बटण दाबायचं. उजव्या कानाचं झालं. मग मी बसून राहिले, की आता डाव्याचं सुरू करतील. काचेपलीकडची मुलगी माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे बघत होते. थोड्या वेळानं लक्षात आलं की डाव्याचं कधीचं सुरू झालेलं आहे. त्यानंतर कानाच्या डॉक्टरीणबाईंनी आत उजेड टाकून पाहिलं आणि म्हणाल्या, पडद्याला जुना व्रण आहे, आतलं हाडही सरकलेलं दिसतं. लहानपणी कानाला मार लागला होता का?

मी हो म्हटलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न कोणी मला विचारला नव्हता, त्यामुळे उत्तर किती सोपं आहे ते मलाही माहीत नव्हतं.

बाबा तेव्हा हिंगणीच्या शाळेत गणित शिकवायचे. बाकीचे मास्तर नुसतं म्हणायचे की कानाखाली जाळ काढीन. बाबा काढायचे. त्यांच्या हाताची कीर्ती शेजारच्या गावांपर्यंत होती, आणि आईबाप आपल्या पोरांना मुद्दाम त्यांच्या वर्गात घालायला यायचे. मी आठवीत होते. नागपूरच्या मामेभावानं त्याचा जुना वॉकमन आणि एक कॅसेट दिली होती, आणि त्या कॅसेटमध्ये जे काही चाललं होतं तसं मी जन्मात ऐकलं नव्हतं. मागच्या अंगणात भिंतीला टेकून मी ते ऐकत होते. बाबांनी हाक मारली. मला कुठून ऐकू येणार? ते येऊन समोर उभे राहिले तेव्हा मी इयरफोन काढायला हात वर नेला, पण त्यांचा हात आधी पोचला.

"कान फुटले का तुये?" त्यांनी विचारलं.

फुटला होता. डावा. इयरफोन कानातच होता आणि त्यावर तो हात बसला. उजव्या हातानं समोरून मारलं की डाव्या कानावर बसतं, यात अवघड गणित काही नाही. दोन दिवसांनी उशीवर पिवळा डाग पडला. आईनं लसूण घालून तेल कोमट केलं आणि कानात सोडलं. त्यानं ठणका इतका वाढला की मी भिंतीवर डोकं आपटायला लागले. तेव्हा कुठे तिनं मला सेलूला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी मला विचारलं, काय झालं बेटा? आई म्हणाली, सायकलवरून पडली.

पुढचं वर्षभर मला डावीकडून मारलेली हाक ऐकू यायची नाही, आणि ऐकत नाही म्हणून मार बसायचा. आमच्या घरचा न्याय असा होता. पुढे मी आपोआप उजवी बाजू पुढे करायला शिकले आणि कानाचं विसरूनच गेले. बाबांचा मला राग येतो. ते आता म्हातारे झाले, जिना चढताना दोनदा थांबतात, तरी येतो. दया यावी असं वाटतं, पण येत नाही.

तपासणीचा कागद मी घरी नेऊन बाबांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावला आणि गणिताच्या मास्तरासारखं आधी आलेखाच्या दोन्ही बाजूंना काय लिहिलंय ते वाचलं. मग कागद माझ्याकडे सरकवला. म्हणाले, हे त्या भोंग्यानं झालं, दिवसभर कानाले लावून बसते. मी म्हटलं, भोंग्यानं झालं असतं तर दोन्ही कान गेले असते. एकच गेलाय आणि तोही जुना, डॉक्टर म्हणतात मार लागलाय. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि परत आत गेली.

"शेकडो पोट्ट्यायले मारलं मी," बाबा म्हणाले. "कोनाचा कान गेला? एकाचं नाव सांग."

मी कोणाचं नाव सांगणार? मला त्यांच्याकडून उपचाराचा खर्च नको होता, कानही परत नको होता. एवढंच हवं होतं की त्यांनी एकदा म्हणावं, हे माझ्या हातानं झालं. तुझ्या गाण्यानं नाही, सायकलनं नाही, माझ्या हातानं. एवढ्या एका वाक्यासाठी मी पुढचे कित्येक दिवस घरात त्यांच्याशी भांडण उकरून काढलं, आणि ते दर वेळी त्याच नावावर येऊन थांबले. एकाचं नाव सांग.

हेडफोन मी ठेवून घेतला. फोनमध्ये एक सोय असते, दोन्ही बाजूंचा आवाज एक करून एकाच कानात घेता येतो. ती वापरून पाहिली. दोन्ही गिटारी उजव्या कानात एकमेकींच्या उरावर बसल्या आणि पुन्हा चिखल झाला. ती सोय बंद केली. नसलेली गिटार नसलेलीच ऐकू येऊ दे, असं ठरवलं. ती कुठे आहे ते तरी कळतं.

मग बाबांच्या पंचाहत्तरीचा सत्कार आला. हिंगणीच्या जुन्या विद्यार्थ्यांनी मोबाइलवर ग्रुप काढला, गावातलं मंगल कार्यालय घेतलं आणि आम्हा तिघांना न्यायला गाडी पाठवली. शाल झाली, श्रीफळ झालं. भाषणं सुरू झाली, आणि प्रत्येक भाषणात तो हात होता. पन्नाशीतले, टक्कल पडलेले, पोट सुटलेले पुरुष माइकसमोर उभे राहून आपण कसा मार खाल्ला ते सांगत होते, आणि खाली त्यांच्या बायका हसून टाळ्या वाजवत होत्या. एक जण आता मोठा साहेब झालेला. तो म्हणाला, सरांनी कानाखाली वाजवली नसती तर मी आज बोरच्या जंगलात ढोरं चारत असतो. सगळ्यात जास्त टाळ्या त्याला पडल्या. बाबा शाल पांघरून बसले होते आणि त्यांचा चेहरा फुलला होता. इतका आनंद मी त्यांच्या तोंडावर घरी कधी पाहिला नाही.

जेवणाला वडाभात होता. मी भिंतीशी ताट घेऊन उभी होते आणि समोरच्या पंगतीकडे बघत होते. जेवताना माणसाचा उजवा हात खरकटा असतो. फोन आला की तो डाव्या हातानं उचलतो आणि डाव्याच कानाला लावतो, दुसरं काय करणार? या पंगतीत साहेबांचा फोन वाजला. त्यांनी तो डाव्या हातानं उचलला, हनुवटीखालून पलीकडे नेला आणि कोपर तोंडासमोर धरून उजव्या कानाला लावला. जरा वेळानं त्यांच्या शेजारच्यानं तेच केलं. मग टोकाच्या एकानं. माझा घास तोंडातच राहिला. मी कचेरीत डबा खाताना अशीच फोन घेते आणि सगळ्या मला हसतात.

हात धुवायच्या नळाशी साहेब भेटले. बाबा शेजारीच उभे होते, आई त्यांना टॉवेल देत होती. मी सरळ विचारलं की तुम्हाला डाव्या कानानं कमी ऐकू येतं का.

"येते ना ताई, कमीच येते," ते हसून म्हणाले. "सरायचा प्रसाद हाय तो."

मी बाबांकडे पाहिलं. एका नावाची गोष्ट होती आणि ते नाव त्यांच्यासमोर ओल्या हातांनी उभं होतं. बाबांनी ऐकलं, नीट ऐकलं, त्यांचे कान या वयातही तिखट आहेत. त्यांनी टॉवेलानं हात पुसले आणि एक हात साहेबांच्या खांद्यावर ठेवला.

"म्हनूनच साहेब झाला तू," ते म्हणाले. साहेब वाकून त्यांच्या पाया पडले.

तिथून फोटोंचं खूळ निघालं. साहेब म्हणाले, सर, एकदा तशीच मारा, फोटो काढतो. बाबांनी हात उगारला, साहेबांनी गाल पुढे केला. डावा गाल, न सांगता. सगळ्यांना तसाच फोटो हवा झाला. स्टेजवर रांग लागली. एकेक म्हातारा होत चाललेला माणूस यायचा, डावा गाल पुढे करायचा, बाबा हात उगारायचे, फोटो निघायचा, हसू उठायचं. तेवढ्यात कोणीतरी माइकवरून म्हणालं, आता ताईंचा एक होऊन जाऊ द्या. आईनं मला पाठीवर हात ठेवून पुढे ढकललं. नाही म्हणायला तोंड उघडेपर्यंत मी स्टेजवर होते, आणि आई माझ्या मागून चढून बाबांची शाल हातात घेऊन त्यांच्या शेजारी उभी होती.

बाबांनी हात उगारला. खोटाच, मला माहीत होतं. पण अंगाला माहीत नव्हतं. माझा डावा खांदा कानापर्यंत वर गेला, डोळे मिटले आणि गुडघे वाकले. सगळं कार्यालय हसलं. ताई अजूनबी भेतेत सरायले, असं कोणीतरी ओरडलं आणि टाळ्या पडल्या.

मी डोळे उघडले तेव्हा बाबांचा हात खाली आलेला होता आणि ते हसत नव्हते. ते माझ्याकडे बघत होते, माझ्या वर गेलेल्या खांद्याकडे. मग ते पुढे वाकले, माझ्या डाव्या कानाशी तोंड आणलं आणि काहीतरी बोलले. दोन-तीन शब्द असतील. टाळ्यांच्या गलक्यात मला फक्त त्यांचा श्वास कानावर गरम लागला. तेवढ्यात पुढच्या माणसानं मला बाजूला सारलं आणि आपला गाल पुढे केला.

परतीच्या वाटेवर गाडीत बाबा पुढे बसले होते, आई आणि मी मागे. वर्धा जवळ येईपर्यंत मी विचारलं नाही. मग विचारलं.

"बाबा, स्टेजवर काय म्हणलं तुम्ही? मले नाई ऐकू आलं."

ते समोर रस्त्याकडे बघत होते. वाटलं, सांगतील. ओठ हललेही असतील, मागून मला दिसले नाहीत.

"एकदा सांगतलं ना," ते म्हणाले.

मी आईकडे वळले. स्टेजवर ती त्यांना चिकटून उभी होती, हातात शाल घेऊन, माझ्यापेक्षाही जवळ. मी तिला हळूच विचारलं, काय म्हणाले गं ते?

"मले नाई ऐकू आलं," आई म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

आईचे दोन्ही कान चांगले आहेत.