शोधभाऊजी आणि आमचे हरवलेले सुतार

शोधभाऊजी माणसाला त्याचं नाव विचारायच्या आधी त्याच्या पणजोबांचं नाव विचारत. माझ्या नवऱ्याचे मित्र, मस्कतला अल् खुवैरच्या एका कंपनीत ड्राफ्ट्समन. पण शुक्रवारी आमच्या रुवीच्या घरी आले की लॅपटॉप उघडून मेलेल्यांच्या मागे लागत. "जिवंत माणसं निसटतात, वहिनी. मेलेली जागेवर असतात," म्हणत.

मी त्यांना आमचे सुतार शोधायला दिले. अमेरिका नुकती कुठे देश झाली होती, तेव्हा माझ्या सासरचे हे पूर्वज मुंबई बंदरातून अमेरिकन जहाजावर सुतारकामाला चढले. मस्कतहून एक निरोप आला, पुढे काही नाही. ते परत येईपर्यंत फणस खाणार नाही, असा त्यांच्या बायकोने नेम धरला. ती गेली, नेम घरातल्या सुनांच्या गळ्यात राहिला. मीही एकविसाव्या वर्षी तो भक्तिभावाने बांधून घेतला. अशी बावळट पतिव्रता, तीही दुसरीच्या नवऱ्यासाठी.

भाऊजी मात्र अल मवालेहच्या बाजारातून फणस आणून माझ्यासमोर गरे खात. "सुतार सापडले?" मी विचारायची. "कागद मागवलेत. इन्शाल्ला." चार वर्षं इन्शाल्ला.

मग त्यांची नोकरी सुटली. भारतात परत जाताना त्यांनी फायली आमच्याकडे आणून ठेवल्या. एकीवर आमचं आडनाव. आत जहाजावरच्या माणसांची यादी: सुतार, हिंदुस्थानचा, डाव्या हाताला करंगळी नाही. लाकूड तासताना वाकसाने तुटलेल्या त्या करंगळीची गोष्ट आमच्या घरात पोरासोरांनाही पाठ. खाली त्याच सुताराच्या अमेरिकेतल्या लग्नाची नोंद, मग सात मुलांची. प्रिंटवरची तारीख चार वर्षांपूर्वीची.

"तुम्हाला तेव्हापासून ठाऊक होतं?"

"होतं."

"आणि समोर बसून गरे गिळत होतात?"

त्यांनी चष्मा पुसला. "त्या वाट पाहणाऱ्या बाईबद्दल तुम्ही इतक्या अभिमानाने बोलायचात, वहिनी. कुठल्या तोंडाने सांगू?"

सुताराने फसवलं ते त्याच्या बायकोला. यांनी मला फसवलं, माझाच चहा पीत. मी विमानतळावर गेले नाही. नंतर त्यांचे फोन आले, तेही घेतले नाहीत.

दोन वर्षांनी गावाहून थोरल्या जाऊबाईंचा फोन आला. वय ऐंशी, पंचावन्न वर्षं फणसाला शिवलेल्या नाहीत. "काय गो, लागला काय आपल्या सुतारांचा पत्ता?"

"लागला," मी म्हटलं. "परत यायलाच निघाले होते. वाटेत जहाज बुडालं."

त्या रडल्या. मग समाधानाने म्हणाल्या, "मला वाटलंच होतं."

फोन ठेवला आणि लगेच शोधभाऊजींना लावला. त्यांच्या मुलाने उचलला. भाऊजींना जाऊन महिना झाला होता. दुखणं वर्षभराचं, रुवीच्या वहिनींना कळवू नका, असं त्यांनी बजावलं होतं.