भूकंपात मी काय उचललं

दिल्लीतल्या द्वारकेच्या सोसायटीत चिठ्ठ्या टाकून फ्लॅट वाटले, तेव्हा आम्हाला सातवा मजला लागला. सगळ्यांनी अभिनंदन केलं. हवा चांगली येईल म्हणे! दिल्ली भूकंपाच्या पट्ट्यात आहे, हे एकानंही तोंडातून काढलं नाही. बाल्कनीला जाळी कोणत्या रंगाची लावायची, याचीच ज्याला त्याला पडली होती.

प्रजासत्ताक दिनाची सकाळ होती. तिकडे गुजरातेत होत्याचं नव्हतं होत होतं, ते आम्हाला मागाहून कळलं. नवरा टूरवर. घरात मी आणि माझे बाबा. मांडीचं हाड मोडल्यापासून बाबा वॉकर घेऊन चालायचे. टीव्हीवर परेड बघताना बटाटेवडे हवेत ही त्यांची फर्माईश, म्हणून मी कुकरला बटाटे लावले होते. तेवढ्यात बंद पंखा आपोआप झुलायला लागला, मांडणीवरची भांडी वाजली. मी गॅस बंद केला, कुकर उचलला आणि सात मजले उतरून पार्कात येऊन उभी राहिले. गॅस आठवणीनं बंद केला, याचं मला कौतुकही वाटलं.

खाली अख्खी सोसायटी शाली गुंडाळून जमली होती. शेजारीण म्हणाली, "अरे वाह, आप तो खाना भी ले आईं!" सगळे हसले. मीही हसले. मग तिनं विचारलं, "और अंकलजी?"

मी कुकरसकट उलटी धावले. लिफ्ट बंद करून ठेवली होती. सात मजले चढताना मी स्वतःला शिव्या घातल्या. मराठीतल्या पुरेनात, मग हिंदीतल्या घातल्या.

दार मी उघडंच टाकलं होतं. बाबा दाराच्या आत स्टुलावर बसले होते. पायांत बूट, स्वेटरची सगळी बटणं लावलेली. पुढे जिना होता, म्हणून तिथवरच आले होते.

"बाबा, मी..."

"बस आधी. केवढा दम लागलाय."

मी बसले नाही. कुकर हातात धरून रडत राहिले.

"कोयनेचा भूकंप झाला तेव्हा आम्ही पाटणला होतो," बाबा म्हणाले. "मी एकटाच पळत रस्त्यावर आलो. माझी आई आत राहिली. नंतर आली बिचारी आपली आपण. पुढे वीस वर्षं जगली, पण त्याबद्दल मला कधी एक शब्द बोलली नाही. फार जड गेलं गं ते. म्हणून तुला आत्ताच सांगून टाकतो. मला तुझा राग आलाय. भयंकर आलाय. संध्याकाळपर्यंत जाईल."