ग्लिगोरेचे बूट घालणारी बाई

आमच्या पादिना गावात माणूस मेला की दोघांना बोलावणं जायचं. एक फादरांना, दुसरं सावेताला. फादर मेलेल्याला वर पाठवायचे आणि सावेता मागाहून त्याचं सामान पाठवायची.

आमच्याकडे रीतच आहे तशी. मेलेल्याच्या नावाने गरिबाला जे द्याल ते त्याला तिकडे मिळतं. कोट दिलात तर कोट, ताट दिलंत तर ताट. पण नुसतं देऊन भागत नाही, घेणाऱ्याने ते वापरावं लागतं. कोट पेटीत पडून राहिला तर आपला माणूस तिकडे कुडकुडतो, आणि गरिबाने तो विकून खाल्ला तर कायमचा उघडा पडतो. हे कुठे लिहिलंय ते मला विचारू नका. मी चाळीस वर्षं चर्चमध्ये स्तोत्रं म्हणतोय. शुभवर्तमानात उघड्याला वस्त्र द्या असं आहे, मेलेल्याला द्या असं मला तरी कुठे सापडलं नाही. पण हे मी कधी मोठ्याने बोललो नाही. आईच्या नावाने मीही सावेताला एक बादली दिली होती आणि ती रोज विहिरीवर नेते की नाही ते खिडकीतून बघत होतो.

दान घ्यायलाही माणूस लायक लागतो. गरीब हवा, पण घाणेरडा नको. दारुडा नको, तो वस्तू विकतो. पोराबाळांचा नको, तो वाटून टाकतो. सावेता सगळ्यात बसायची. नवरा खाणीत गेला तो परत आलाच नाही, मूल झालं नाही, पन्नास वर्षं बीटच्या शेतात कंबर मोडून हातात आली ती मूठभर पेन्शन. तिच्या एका खोलीत अकरा बादल्या, सात खुर्च्या, तीन पलंग आणि ताटांची ही चळत. पलंगावरून पलंगावर पाय देत चुलीपाशी जावं लागायचं. तीन पलंगांवर ती आळीपाळीने झोपायची, कुणा मेलेल्याची झोप मोडू नये म्हणून.

बाई मोठी गमतीची. थंडीत रस्त्यात भेटली की म्हणायची, "इलारिएदादा, आज अंगावर तिघं आहेत. टोपी सुताराची, सदरा मास्तरांचा, मोजे कुणाचे ते देवाला ठाऊक. नवऱ्याने कधी इतकं कवटाळलं नव्हतं."

तर त्या शरदात ग्लिगोरे गेला. धान्याचा व्यापारी, गावातला पैसेवाला. त्याची बायको दोमनिका देण्यात हात आखडता घेणारी नव्हती, हे मान्य करायला हवं. चाळिसाव्या दिवशी तिने सावेताला लोकरीचा नवा कोट दिला, पांघरूण दिलं, आणि शहरातून आणलेले काळे चामड्याचे बूट. सावेताने मेणबत्ती हातात धरून रीतीप्रमाणे म्हटलं, "देव त्याला क्षमा करो." मग बूट पायात घालायला बसली आणि तिथेच घोडं अडलं. ग्लिगोरे ठेंगणा होता, पाय बायकी. सावेताचे पाय चिखल तुडवून फावड्यासारखे पसरलेले.

"ताई, बोटं दुमडतात," ती हळूच म्हणाली.

"नवं चामडं आहे, सैल होईल. धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत, सावेता."

"एखादा नंबर मोठा मिळाला असता तर..."

"म्हणजे तो तिकडे फताक फताक करत चालणार? त्याला मुळीच आवडायचं नाही ते."

सावेताने बूट घातले. दोमनिका दर दोन दिवसांनी सकाळी फाटकाशी हजर. "कोट कुठाय?"

"आत आहे, ताई. चूल पेटवतेय, ठिणगी उडेल म्हणून काढून ठेवला."

"माझ्या नवऱ्याला तिकडे चूल आहे का? घाल आधी. आणि बूट? चालून दाखव बघू."

सावेता अंगणात चालून दाखवायची. पहिल्या बर्फापर्यंत उजव्या अंगठ्याला फोड आला होता, नाताळापर्यंत तो फुटला होता. तिला साखरेचा आजार, जखम भरायचं नाव नाही. तिने कांदा भाजून बांधला, कोबीचं पान बांधलं आणि वरून पुन्हा बूट घातला. घातला नसता तर दोमनिकाने रडून गाव गोळा केलं असतं. जानेवारीत बोट काळं पडलं. दवाखान्यातल्या नर्सने पट्टी सोडली, नाक मुरडलं आणि सांगितलं, "आठवड्याच्या आत जिल्ह्याला जा. आता गेलीस तर बोटावर भागेल. थांबलीस तर पाय जाईल."

इस्पितळ फुकट होतं, पण बसभाडं, औषधं, पट्ट्या ज्याच्या त्याने आणायच्या. नर्सने कागदावर आकडा लिहून दिला, चार लाख लेई. पेन्शन यायला अजून सतरा दिवस होते. तो कागद घेऊन सावेता दारोदार फिरली. उभ्या जन्मात तिने कुणाकडे काही मागितलं नव्हतं, लोकच आणून द्यायचे. मागणं तिला येतही नव्हतं. कागद पुढे धरायची आणि खाली बघायची.

दोमनिका म्हणाली, "अगं, पैसे दिले असते, पण तिकडे पैसे चालत नाहीत. त्याला काय उपयोग? हे घे, पांघरुणाला जोडून उशी राहिलीच होती." सुताराच्या बायकोने लोकरीचे मोजे दिले, जोडीने. मास्तरांच्या सुनेने भोपळ्याची पोळी दिली आणि खाताना मास्तरांचं नाव घ्यायला बजावलं. फादर म्हणाले की दानपेटीतला पैसा लोकांनी घंटाघराच्या पत्र्यासाठी दिलाय, त्याला हात लावला तर लोकांना काय तोंड दाखवू? पण त्यांनी तिच्या पायासाठी प्रार्थना केली आणि मी सूर धरला. प्रार्थना छान झाली.

माझ्याकडेही ती आली होती. त्याच आठवड्यात मी दोन मेंढे विकले होते. पैसे माझ्या पाठीमागच्या कोनाड्यात होते, सहा लाखांच्या वर. मी म्हटलं, "हात तंग आहे गं, सावेता." ती म्हणाली, "असू दे, दादा, तुमचे तुम्हाला व्याप काय कमी आहेत?" टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मला बरं झालं असतं.

गुरुवारी ती दुसऱ्या गावच्या बाजाराला गेली, दुधाच्या गाडीत बसून. ग्लिगोरेचे बूट आणि कोट तिने एका गाडीवानाला विकले. संध्याकाळी परतली तेव्हा पदरात बरोबर चार लाख होते. गाडीवान साडेतीनला मागत होता, ही हटून बसली होती म्हणे. सोमवारी पहाटेची बस धरायची ठरवून तिने पिशवी भरून ठेवली.

पण गाव म्हणजे गाव. शनिवारी दोमनिकाच्या दिराने त्या गाडीवानाच्या पायात बूट पाहिले. आणि शनिवारीच रात्री दोमनिकाला स्वप्न पडलं, ग्लिगोरे अनवाणी असल्याचं. आधी बातमी की आधी स्वप्न, हे मी विचारलं नाही. रविवारी प्रार्थना सुटल्यावर निम्मं गाव सावेताच्या अंगणात. फादरही आले, मीही गेलो, मागे राहायला मला जमलं नाही.

सावेता उंबऱ्यावर बसली होती, पाय फडक्यात गुंडाळलेला. लांबून वास येत होता.

"आम्ही विश्वासाने दिलं," दोमनिका रडत म्हणाली, "आणि तू माझ्या माणसाला बाजारात नागवं केलंस."

"ताई, पायासाठी केलं. मला दुसरं काही सुचलं नाही."

"आम्हाला विचारायचंस."

"विचारलं होतं की."

कुणीतरी मागून म्हणालं, "खायला मिळतं, ल्यायला मिळतं, वर हिला रोख पाहिजे." दुसऱ्याने जोड दिली, "फुकटचं पचत नाही माणसाला."

सावेताने दोमनिकाकडे बघून विचारलं, "पण ताई, बूट तुम्ही मला दिले होते ना?"

"तुला?" दोमनिका खरोखर गोंधळली. "तुला कशाला देईन मी?"

कुणी हसलं नाही, कुणी चमकलंही नाही. त्यात वावगं काही आहे असं कुणाला वाटलं नाही. फादर खोकले आणि म्हणाले की दिलेली वस्तू मृताची असते, घेणारा केवळ वाटेवरचा हमाल. आता हे ते कुठल्या पानावरून बोलले ते देव जाणे. मला ते पान सापडलेलं नाही आणि मी पानं पुष्कळ उलटली आहेत. मी तिथे एक शब्द बोललो असतो तर निदान लोक थबकले असते, माझ्या आवाजाला गावात मान आहे. मी टोपी फिरवत उभा राहिलो.

आणि खरं सांगायचं तर तिच्याकडून पैसे कुणी हिसकावले नाहीत. तसं झालं असतं तर मी आमच्यावर एवढा चिडलो नसतो. तिने दोमनिकाला विचारलं, "खरंच अनवाणी दिसला का हो?"

"बर्फात उभा होता. म्हणाला, दोमनिका, पाय बधिर झालेत."

सावेताने स्वतःच्या फडक्याकडे पाहिलं. "बधिर व्हायच्या आधी फार दुखतात," ती म्हणाली. मग छातीशी हात घालून पुरचुंडी काढली आणि दोमनिकाच्या हातात ठेवली. "घ्या. त्याला नवे घेऊन द्या. बिचाऱ्याने माझं काय वाईट केलंय?"

आमची सावेता मूर्ख होती असं तुम्ही म्हणाल. ती आमच्यासारखीच होती, फरक इतकाच की जे आम्ही मानायचो ते ती अंगावर घ्यायची.

दोमनिकाने नवे बूट आणले. त्याच नंबरचे. उजवा पाय शिरेना, म्हणून तिने स्वतः वाकून डावा चढवला आणि उजवा बूट सावेताच्या मांडीवर ठेवला. "धरून बस," ती म्हणाली, "अंगाला लागला तरी पोचतं." आणि सावेता बसली. सोमवारची बस गेली, पुढच्या सोमवारचीही गेली. पेन्शनच्या आदल्या दिवशी नर्सला ती तापात बडबडताना सापडली, मांडीवर बूट तसाच. गाडी आली, घेऊन गेली. पाय मांडीपासून कापावा लागला.

ईस्टरच्या सुमारास ती कुबड्या घेऊन परत आली. आम्ही सगळे भेटायला गेलो, लाल अंडी नेली. मला वाटलं, आता तरी गावाला लाज वाटेल. लाज वाटली नाही, हिशेब मात्र सुचला. मे महिन्यात गिरणीवाला गेला. त्याची बायको चर्चच्या अंगणात बायकांना म्हणाली, "सावेताला कसं द्यायचं? एका पायाला बूट दिले तर हे तिकडे लंगडी घालत फिरतील."

"आणि विजारीची एक बाजू लोंबणार," सुताराची बायको म्हणाली.

"पलंगसुद्धा नको बाई. अर्धा रिकामा राहणार."

सगळ्यांना ते पटलं. ओप्रिया नावाचा एक दारुडा होता, दोन पायांचा, धडधाकट. त्याला शपथ घालून दारू सोडवली आणि दान त्याच्याकडे वळवलं. एवढं केल्यावर जुन्या मेलेल्यांचं काय, हा प्रश्न आलाच. दोमनिका गाडी घेऊन आली आणि बूट, पांघरूण, उशी परत घेऊन गेली. तिच्या मागून बाकीचे आले. बादल्या गेल्या, खुर्च्या गेल्या, पलंग गेले. एक पलंग ठेवला, तो कुणाचा ते आठवेना म्हणून. आईची बादली मी नेली नाही. नेणार होतो, पण तिच्याकडे पाणी भरायला तेवढीच उरली होती, आणि लोक बघत होते.

खोली रिकामी झाल्यावर आठेक दिवसांनी सावेताने मला निरोप धाडला. मी गेलो तर तिने पलंगाखालून रबराचा एक बूट काढला. उजव्या पायाचा. धुऊन, आतून कागद भरून ठेवला होता.

"हा कुणा मेलेल्याचा नाही, दादा," ती म्हणाली. "माझ्या पैशाने घेतला होता, बीटच्या शेतात असताना. डावा मी घालते. हा ओप्रियाला द्या."

"एकटाच?"

"माझा पाय एकटाच गेलाय ना पुढे. इस्पितळात कुठे पुरला, कुणी चार शब्द म्हटले की नाही, काही कळलं नाही. अनवाणी असेल. मी सगळ्यांचं घेतलं आजवर, माझं म्हणून एवढं द्यायचंय. त्याला सांगा, रोज घालू नको, आठवड्यातून एकदा घातला तरी पुरे."

मी बूट घेऊन ओप्रियाकडे गेलो. तो गिरणीवाल्याच्या खुर्चीवर बसला होता, ग्लिगोरेचे बूट घालून. त्याला बरोबर बसले होते ते. त्याने रबरी बूट उलटासुलटा करून पाहिला.

"एक बूट काय करू, इलारिएदादा? लंगडा आहे का मी?" आणि तो कुंपणापलीकडे उकिरड्यावर भिरकावला.

मी परत गेलो. सावेता दाराशीच कुबडीवर उभी होती.

"घेतला?"

"घेतला."

"देव त्याला क्षमा करो, म्हणाला?"

"म्हणाला," मी सांगितलं. एवढं मात्र मी तिला लगेच देऊन टाकलं, कारण त्याला पैसे पडत नव्हते.