पटावर एक नाव बाकी

पालकसभेत मी माती खाल्ली. कारंज्याच्या आमच्या सरकारी हायस्कुलात आठवीला पोरं मिळेनात, म्हणून गणिताच्या कृष्णकांत सरांनी मला माजी विद्यार्थी म्हणून बोलायला उभं केलं. मी सुटलोच. शंभर टक्के निकाल, आम्ही इथंच घडलो, वगैरे. दहावीला बसली होती बोटांवर मोजण्याइतकीच पोरं, तेवढं गाळलं. तेवढ्यात नात काजलचं नाव घालायला आलेल्या धुरपताबाईनं मागून विचारलं, "तुह्या भावाची पोरगी कोणत्या शाळेत जाते रे, बाबू?"

"कॉन्व्हेंटले," मी बोलून गेलो.

धुरपताबाई पदर सावरत उठली. काजल उठली. मागोमाग त्यांची अख्खी गल्ली उठली.

वर्ग तुटला की सर 'अतिरिक्त' ठरणार होते. मग निवृत्तीच्या तोंडावर जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला बदली, आणि घरी गुडघ्यांनी अधू झालेल्या त्यांच्या पत्नी, सुधाकाकू, दिवसभर एकट्या. म्हणून उन्हाळाभर सर डोक्याला दुपट्टा बांधून दारोदार फिरले. पोरगं द्या, ऑटो मी लावून देतो. कित्येक घरी त्यांच्या आधी त्यांचीच मुलगी स्वरदा येऊन गेलेली असे. ती याच शाळेत शिकली, बी.एड. झाली, आणि सरकारी भरतीची वाट पाहून पाहून कॉन्व्हेंटात लागली. पोरं आणली नाहीत तर तिथं तिचीही नोकरी जाणार.

"जेवताना बापलेक गल्ल्या वाटून घेता का, सर?" मी चिडवायचो.

"वाटून काय करू? तिच्या हाती रंगीत कागद असते. माह्या हाती मीच."

सभेनंतर सर रागावले नाहीत. हातावरचा खडू झटकत म्हणाले, "खरं बोलला. शाळेचाच गुण हाय तो. पण पटावरचं एक नाव तुह्याकडे बाकी राह्यलं. आणून देजो."

मी घरी वहिनीला विचारलं, "आकांक्षाले सरांच्या शाळेत टाकू का?"

"भाऊजी, तिथं शिकून तुमचं काय झालं ते सांगा आधी."

मी मोबाइलच्या दुकानात रिचार्ज मारतो.

शाळा उघडली आणि आठवीचा वर्ग बंद झाला. सरांना हिंगणघाटच्याही पलीकडचं गाव मिळालं. निकालाचा बॅनर मात्र शाळेच्या फाटकावर तसाच राहिला. स्टँडवर सोडायला मी एकटाच गेलो. स्वरदाला सुट्टी मिळाली नव्हती.

एसटीच्या खिडकीतून सरांनी विचारलं, "माह्या नावाचं काय झालं रे?"

"पुढच्या साली नक्की, सर."

"पुढच्या साली शाळा राह्यली तर सांगजो."

गाडी सुरू झाली. स्टँडच्या फाटकाशी कॉन्व्हेंटची पिवळी व्हॅन आडवी आली, म्हणून एसटी थांबली. व्हॅनच्या खिडकीत आमची आकांक्षा होती. मला पाहून तिनं हात हलवला. सरांनी तिच्याकडं बोट केलं, मग माझ्याकडं.