डोंगरावरच्या बर्फाचं वजन

ऐंशीच्या दशकात काही वर्षं मी कोलोरॅडोत बर्फाचं वजन करायची नोकरी केली. नागपुरात हे सांगितलं की लोक हसायचे. पण तिथल्या शेतांना आणि शहरांना उन्हाळ्यात लागणारं पाणी हिवाळाभर डोंगरावर बर्फ होऊन बसलेलं असतं. ते किती आहे हे वेळेत कळलं नाही तर धरणात किती ठेवायचं आणि किती सोडायचं, हे ठरवणार कसं?

पूर्वी हे सगळं माणसं मोजायची. मी गेलो तोवर यंत्रं आली होती. उंच डोंगरात जमिनीवर खोलीएवढ्या चपट्या उशा अंथरलेल्या असत, आत न गोठणारा द्रव. वर बर्फ साचला की उशीवर दाब यायचा आणि त्याचा आकडा रेडिओवरून निघायचा. मध्ये एवढे डोंगर, म्हणून लहर सरळ न पाठवता आकाशात सोडत. वर बारीक उल्का सतत जळत असतात, अगदी दिवसासुद्धा. त्यांच्यामागे क्षणभर उरणाऱ्या रेघेवर आपटून ती लहर खाली यायची. शेकडो मैलांवरचा बर्फ सकाळी चहाच्या वेळी माझ्या टेबलावर हजर.

माझी बायको मात्र नागपुरात होती. मी निघालो तेव्हा तिला चौथा महिना होता. मुलगी झाल्याचं मला तारेने कळलं. व्हिसाची रांग काही सरकत नव्हती. मुलगी दोन वर्षांची होत आली आणि माझ्याकडे तिचे तीन फोटो होते. फोन शेजारच्या डॉक्टरांकडे. ऑपरेटरने जोडून दिला की निम्मा वेळ "अहो, ऐकू येतंय का?" यातच जायचा. मग बायको मुलीच्या कानाला रिसीव्हर लावायची. मुलगी बोलायची नाही, नुसता श्वास ऐकू यायचा. मी तो ऐकत उभा राहायचो.

ऑफिसात निवृत्तीला आलेला एक अमेरिकन सहकारी होता. आयुष्यभर त्याने हातातल्या अ‍ॅल्युमिनियमच्या नळीने बर्फ मोजला होता. सोबत त्याची बायको जायची, हौसेने. दोन वर्षांपूर्वी ती वारली होती.

त्या एप्रिलमध्ये एका उशीचा आकडा अडकला. दोन वादळं येऊन गेली, आकडा तिथेच. मी सगळं तपासलं. सेन्सर ठीक होता.

"उशी खोटं बोलतेय," तो सहकारी म्हणाला.

"यंत्र कशाला खोटं बोलेल?"

"उद्या ये माझ्याबरोबर. माझी ही शेवटचीच फेरी आहे."

अर्ध्या वाटेपर्यंत स्नोमोबाइल, पुढे स्कीवर. मी चारदा पडलो. तो थांबून वाट पाहायचा, हात द्यायचा नाही. वर पोचल्यावर त्याने नळी बर्फात खुपसली. ती कशावर तरी अडली. त्याने जोर लावला तेव्हा कट्ट आवाज करून आत गेली.

"बर्फाचा कडक थर. वरचं सगळं ओझं त्यानेच पेललंय. उशीपर्यंत पोचतच नाही."

मग त्याने खिशातून वही काढून माझ्या हातात दिली. "मी आकडा सांगेन. तू लिही, आणि मोठ्याने परत म्हण. चूक होत नाही."

बर्फात एका ओळीत मोजायच्या दहा जागा होत्या. तो नळी काढायचा, वजनकाट्याला टांगायचा, आकडा ओरडायचा. मी लिहायचो आणि ओरडायचो. पाचव्या जागेनंतर तो माझ्याकडे पाठ करून नळी पुसत राहिला.

"ती गेल्यापासून कुणी परत म्हटलं नव्हतं," तो म्हणाला. तेवढंच.

शेवटी त्याने वही पाहिली. बोटं बधिर झाली होती, आणि मी सगळे आकडे देवनागरीत लिहून बसलो होतो. शाळेत शिकलेला हात.

"सॉरी. खोडून परत लिहितो."

"राहू दे. टाइप करताना बदल." मग दुसरीकडे बघत त्याने विचारलं, "तुझी मुलगी बोलायला लागली का?"

"लागली असेल. मी ऐकलेलं नाही."

त्याने वही खिशात घातली. उतरताना मात्र मी पडलो की दरवेळी त्याने हात दिला.

उशी सांगत होती त्याहून पाणी कितीतरी जास्त निघालं. साहेबांनी आधी कुरकुर केली, मग आमचा आकडा मानला, आणि धरणातून आधीच पाणी सोडलं गेलं. मेअखेरीस बर्फ एकदम वितळला. नदी काठोकाठ वाहिली, पण काठातच राहिली. तोवर तो निवृत्त होऊन मुलीकडे ओरेगनला गेला होता.

जुलैत व्हिसा आला. डेन्व्हरच्या विमानतळावर बायको बारीक झालेली दिसली. तिच्या साडीमागून मुलगी माझ्याकडे पाहत होती.

"अगं, कोण आहेत हे? सांग ना!"

अनोळखी मोठ्या माणसाला काय म्हणायचं, हे तिला घरी नीट शिकवलं होतं. तिने हात जोडले. "जयभीम, काका."

बायकोला रडू फुटलं. मी हसलो, आणि मग मला हसू आवरेना की रडू, ते कळलं नाही. बायको तिला रोज सुधारायची. मीच एकदा म्हटलं, "असू दे. येईल तेव्हा येईल."

सप्टेंबरात मी सिंकपाशी भांडी घासत होतो. मागून आवाज आला, "बाबा, पाणी."

मी लगेच वळलो नाही. तिने आणखी एकदा म्हणावं, म्हणून.