कोरडी फरशी

बाबा कायमचे आमच्याकडे इंग्लंडमध्ये रीडिंगला आले, त्याच आठवड्यात किचनचं सिलिंग गळायला लागलं. वरच्या बाथरूममध्ये त्यांनी बादली भरून तांब्यानं अंघोळ केली होती. इथल्या बाथरूमच्या जमिनीला उतार नसतो, पाणी जायला जाळीही नसते, हे मी त्यांना बजावून सांगितलं होतं. पण चूक कबूल करतील तर ते बाबा कसले. "कुठल्या गाढवानं बांधलंय हे? नहाणी ट्रॅप नाही, उतार नाही," म्हणत ते स्टुलावर चढून सिलिंगवरचा डाग बघत राहिले. मी चिडले होते, तरी मला हसू आलं.

बाबा सिव्हिल इंजिनियर. तरुणपणी पुण्यातल्या एका कंपनीतर्फे ते वाळवंटातल्या एका देशात काही वर्षं होते. तिथे हुकूमशहाचं राज्य होतं. त्याच्या पोलिसांसाठी बाबांनी ट्रेनिंग सेंटर बांधलं. बराकी, मेस, कवायतीचं मैदान, मागे गोदामाच्या खोल्या. अल्बम दाखवून झाला की पाहुण्यांना एक वाक्य ठरलेलं असायचं, "माझ्या एका तरी खोलीत थेंबभर पाणी साचलेलं दाखवा." आई मागे भिवया उंचावायची.

मी मेडनहेडला एका ऑफिसात काम करते. जुन्या इमारती लोकांना बघायला खुल्या करायच्या, त्यांचं डिझाइन आम्ही करतो. गेल्या वर्षी नेमकं तेच सेंटर आमच्याकडे आलं. हुकूमशहा कधीच गेला, आता तिथे स्मारक व्हायचं होतं. स्क्रीनवर त्या बराकी दिसल्या. त्या मी लहानपणापासून ओळखत होते. तिथे माणसं पकडून आणत आणि शिकाऊ पोलीस त्यांच्यावर छळाचा सराव करत, हे मात्र अल्बममध्ये नव्हतं. मॅनेजरला मी लगेच सगळं सांगितलं. ती म्हणाली, तुझी हरकत नसेल तर तू या कामावर राहा.

तिथून सुटून आलेल्या एक बाई आता लंडनजवळ राहतात. स्मारकातल्या माहितीच्या पॅनलवरचा मजकूर त्यांच्यासोबत बसून ठरत होता. गोदामाच्या खोल्यांपाशी आल्यावर त्यांनी बोटानं फोटोतल्या फरशीतली जाळी दाखवली. "हा ड्रेन सुरुवातीपासून आहे. म्हणजे या खोल्या त्याच कामासाठी बांधल्या होत्या. हे स्पष्ट लिहा." मग म्हणाल्या, "रक्त सांडलं की ते फरशी धुवायचे. बाहेरचे तपासनीस आले तेव्हा सगळं कोरडं होतं, चकचकीत. आमचं कोणी खरं मानलं नाही."

घरी आल्यावर मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाबा, गोदामांना ड्रेन कोणी सांगितला होता?"

बाबा खुलले. "सांगतंय कोण? ड्रॉइंगमध्ये नव्हताच. मीच घातला. अगं, वाळवंटातली धूळ, गोदाम धुवायला नको? त्यांचा ऑफिसर बघत उभा होता. म्हणाला, फार छान कल्पना आहे."

त्यांना काही माहीत नव्हतं, याचं मला आधी फार बरं वाटलं. ते बरं वाटणं चहा होईपर्यंतसुद्धा टिकलं नाही. मग खोल्या त्याच कामासाठी बांधल्याचं पॅनलवरचं वाक्य खोटं होतं. मूग गिळून बसले असते तर कुणाला कळलं नसतं. बोलले तर त्या बाईंचं वाक्य काढून घ्यायचं आणि बाबांना या वयात त्यांच्या उताराचा नि ड्रेनचा कशासाठी वापर झाला ते सांगायचं. आयुष्यभर ज्याची मिजास मिरवली, ते काढून घ्यायचं. काही दिवस मी बाबांवर उगाच खेकसत राहिले, टीव्हीच्या आवाजावरून, ओल्या टॉवेलवरून.

शेवटी एका रविवारी बाबांना सगळं सांगून टाकलं. माझं बोलणं संपल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "कोरडी असायची फरशी?"

"हो."

त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी अंघोळीनंतर बाथरूमच्या जमिनीवर गुडघे टेकून फडक्यानं पाणी टिपत होते. मी दारात उभी राहिले तेव्हा वर न बघता म्हणाले, "मला त्या बाईंकडे ने. तू नको सांगूस."

मेडनहेडच्या ऑफिसात बाबा ब्लेझर घालून आले होते. त्या बाई समोर बसल्या, मी ओळख करून दिली, आणि बाबांनी आपल्या जुन्या ऑफिसच्या इंग्रजीत, सावकाश सांगितलं, "तो ड्रेन मी घातला. मला कोणी सांगितलं नव्हतं. तुमचं वाक्य तेवढं चुकलंय."

बाई रागावतील, रडतील, उठून जातील, असं मला वाटत होतं. त्यांनी फक्त विचारलं, "का?"

उताराबद्दल पाहुण्यांचे कान किटेपर्यंत बोलणाऱ्या माझ्या बाबांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"स्वच्छ राहावं म्हणून," ते म्हणाले.