हातात धरलेली सायकल

नगरपालिकेच्या बांधकाम खात्यात नकाशे काढणाऱ्या बाईंना सगळे रेघताई म्हणत. खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि तेवढ्यापुरतंच उरलं होतं. शहरातला कुठलाही नवा रस्ता आधी त्यांच्या टेबलावर व्हायचा आणि मग जमिनीवर. गटार, वळण, दिव्याचा खांब, सगळं आधी पेन्सिलीने. आता संगणक आला होता, तरी पहिली रेघ त्या कागदावरच ओढत आणि ओढण्याआधी क्षणभर डोळे मिटत. कुणी विचारलं तर म्हणत, "डोळ्यांना जरा विसावा." खरं तर देवाचं नाव घेत असत, पण ते चारचौघांत सांगत बसायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

रस्ता म्हणजे त्यांच्या लेखी साधी गोष्ट. एकीकडून निघतो, दुसरीकडे पोचतो. सायकलींच्या मार्गाचं काम आलं आणि त्यांची ही समजूत पार विस्कटली.

झालं असं, की वरच्या कार्यालयाने कळवलं, यंदा सायकलींसाठी वेगळा मार्ग करायला पैसे आहेत, पण एकाच जागेसाठी. शहरातून दोन जागा पुढे आल्या. एक तळ्याकाठचा रस्ता: ऐसपैस, दोन्ही बाजूंना झाडं, बसायला बाकं. दुसरी रेल्वेखालचा बोगदा. बोगदा कसला, बीळच ते. समोरासमोर दोन ट्रक आले की एकाने मागे सरायचं. भिंतींना बारमाही ओल, आणि एका कडेला हातभर रुंदीचा ओटा. त्या ओट्याला नकाशात फुटपाथ म्हणत. बोगद्यापलीकडे छापखाना, कपडे धुण्याचा कारखाना आणि शाळा. म्हणजे ज्यांना रोज जावंच लागतं, त्यांची सगळी ठिकाणं.

छापखान्यात रेघताईंचे यजमान पुस्तकबांधणी करत. गेल्या वर्षी त्यांच्या एका डोळ्याचं दुखणं निघालं. दृष्टी राहिली, पण त्या बाजूचं, कडेचं काही दिसेनासं झालं. डॉक्टरांनी स्कूटर बंद केली. "सायकल चालवा, पण सावकाश. आणि गर्दीत उतरायचं." बोगद्यात ज्या बाजूने ट्रक अंगावरून जात, नेमकी तीच बाजू त्यांची आंधळी. म्हणून बोगदा आला की ते उतरत आणि सायकल हातात धरून ओट्याच्या कडेकडेने चालत. रेघताईंना हे ठाऊक होतं. तरी रोज सकाळी ते निघाले, की छापखान्यातून "पोचलो गं" असा फोन येईपर्यंत त्यांच्या हातून एक रेघ सरळ येत नसे.

तेव्हा मार्ग बोगद्यातच व्हावा असं त्यांना का वाटत होतं, हे वेगळं सांगायला नको.

"ताई, बोगदा म्हणजे नुसती डोकेदुखी," साहेब म्हणाले. "तळं घेऊ या. काम सोपं, फोटो छान येतात."

"साहेब, फोटोत कोण राहतं?"

साहेब हसले. "बरं. दोन्हीकडे मोजणी होऊ दे. जिथे सायकली जास्त, तिथे पैसे. मग तर झालं?"

झालं कसलं! इथेच तर घोळाला सुरुवात झाली.

वरच्या कार्यालयातून मोजणीला एक बाई आल्या. घडीची खुर्ची, चहाचा थर्मास आणि मुठीत मावणारं एक यंत्र. एक सायकल गेली की अंगठ्याने टिक. आधी त्या तळ्याकाठी बसल्या. तिथे निवृत्त माणसं सकाळची हवा खात गोल गोल सायकल फिरवत होती. एक मास्तर जितक्या फेऱ्या मारत, तितके नवे सायकलस्वार म्हणून मोजले गेले. त्यांना बिचाऱ्यांना पत्ताही नव्हता, की आपण एकटेच एवढी मोठी गर्दी आहोत.

मग मोजणीबाई बोगद्यापाशी आल्या. संध्याकाळी रेघताई उत्सुकतेने विचारायला गेल्या.

"किती झाले?"

"सायकलस्वार एकही नाही."

"एकही नाही? अहो, सकाळपासून रांग लागलेली मी बघितलीय!"

"चालणाऱ्यांची रांग, ताई. पादचारी पुष्कळ."

"पण त्यांच्या हातात सायकली होत्या ना!"

"हातात होत्या. बुडाखाली नव्हत्या," मोजणीबाई शांतपणे म्हणाल्या. "जो बसून जातो तो सायकलस्वार. जो ढकलत नेतो तो पादचारी. नियम मी नाही केला."

"ते भीतीने उतरतात हो. मार्ग केला तर बसून जातील."

"जातीलही. पण मला आज काय दिसलं, तेवढंच लिहायचं असतं."

रेघताईंच्या डोक्याला मुंग्या आल्या. जागा धोक्याची म्हणून लोक उतरतात, उतरतात म्हणून सायकली नाहीत, सायकली नाहीत म्हणून मार्ग नको, आणि मार्ग नाही म्हणून जागा धोक्याची. त्यांनी हे साहेबांना दोनदा समजावून सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना त्यांनाच मध्ये कुठेतरी धागा सुटल्यासारखं झालं.

साहेब खुर्चीत मागे रेलले. "यात एवढं काय आहे? पुन्हा मोजणी मागू. आणि तुमच्या सायकलवाल्यांना सांगून ठेवा, त्या दिवशी उतरू नका म्हणावं. एका दिवसाचा तर प्रश्न."

साहेब बोलून चहा प्यायला निघून गेले. रेघताई तिथेच उभ्या राहिल्या. म्हणजे यजमानांना बोगद्यात सुखरूप जाता यावं, यासाठी आधी त्यांनी बोगद्यात जीव धोक्यात घालायचा? हे बरोबर आहे की चूक? सोपं आहे की भयंकर? त्यांना काही सुचेना.

घरी जेवताना त्यांनी विषय काढला. यजमानांना गंमतच वाटली.

"म्हणजे मी पडायची तयारी दाखवली, तर न पडायचा रस्ता मिळणार. वा!"

"असं वेडंवाकडं बोलू नका हो."

"अगं, मी नाही, तुझं ऑफिस बोलतंय."

सासूबाई घास तसाच हातात धरून बसल्या. "सूनबाई, माझ्या मुलाला बोगद्यात लोटायला निघालीस की काय? डोळा एक गेलाच आहे, आता काय उरलंसुरलं घालवायचंय?"

"आई, त्यांच्याचसाठी करतेय."

"मग त्याला उतरून जाऊ दे की सुखाने! आजवर जातोय ना?"

"रोज उतरूनच जायचं का? जन्मभर? तो ओटा तरी धड आहे का? दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला रस्त्यावर पाय टाकावा लागतो."

"मग काय करणार म्हणतेस?"

"तेच तर कळत नाहीये मला."

"घ्या!" सासूबाई म्हणाल्या. "तुला कळत नाही, मला कळत नाही, आणि जायचं मात्र यानेच."

यजमानांनी मात्र त्याच रात्री ठरवून टाकलं. दुसऱ्या दिवशी छापखान्यात त्यांनी सगळ्यांच्या कानावर घातलं. फोरमन तर उड्याच मारायला लागला. "जाऊ की बसून! एकट्याला भीती वाटते, घोळक्याला कसली भीती?" धुण्याच्या कारखान्यातल्या बायकाही तयार झाल्या. त्यांतली एक म्हणाली, "रोज ढकलून ढकलून मनगटं दुखायला लागलीत. एकदा बसून बघू दे तरी."

मोजणीच्या दिवशी पहाटे रेघताई देवापुढे उभ्या राहिल्या आणि काय मागावं तेच त्यांना कळेना. यजमान सुखरूप राहोत म्हणावं, तर ते उतरणार आणि मोजणी फुकट जाणार. मार्ग मिळो म्हणावं, तर ते बसून जाणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. शेवटी "तुला योग्य वाटेल ते कर" असं म्हणून त्या मोकळ्या झाल्या, आणि लगेच घाबरल्या. देवाला नेमकं काय योग्य वाटेल, याची त्यांना काय कल्पना?

मोजणीबाई बोगद्याच्या छापखान्याकडच्या तोंडाशी बसल्या होत्या. सायकल पूर्ण बोगदा बसून पार करून बाहेर आली, तरच टिक. रेघताई त्यांच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या.

"ताई, तुम्ही खाणाखुणा करायच्या नाहीत हं," मोजणीबाईंनी बजावलं.

"नाही, नाही. मी नुसती बघणार."

थोड्या वेळाने पलीकडच्या तोंडाशी घंट्यांचा आवाज आला. फोरमन पुढे, मागे कारखान्यातल्या बायका, मध्ये यजमान, त्यांच्या मागे आणखी कितीतरी जण. कुणीही उतरलं नाही. सगळे बसूनच आत शिरले. बोगद्यात हसण्याचा आणि घंट्यांचा नुसता कल्लोळ झाला. रेघताईंना वाटलं, जमलं! देवाने ऐकलं! मोजणीबाईंचा अंगठा यंत्रावर तयार होता.

आणि सायकलींच्या मागून उजेड आला. ट्रकचे दोन दिवे बोगद्याच्या पलीकडच्या तोंडाशी वळले आणि आत घुसले. हॉर्न भिंतींवर आदळत पुढे आला. बाकीच्यांनी मान वळवून पाहिलं, पण यजमान तसेच सरळ पुढे बघत चालवत राहिले. ट्रक त्यांच्या आंधळ्या बाजूने येत होता. तो अगदी जवळ आला आणि यजमान जरा रस्त्याच्या मध्याकडे सरकले.

"उतरा!" रेघताई ओरडल्या. "अहो, उतरा! ओट्याला लागा!"

आवाज इतका मोठा निघाला, की फोरमनने ब्रेक दाबला, बायका भराभर खाली उतरल्या, यजमान उतरले, सगळे ओट्याला चिकटले. ट्रक त्यांच्या बाजूने धडधडत बाहेर पडला आणि निघूनही गेला. ड्रायव्हरला काही कळलंही नसेल.

मग ते सगळे सायकली हातात धरून, ओळीने, शाळेतली पोरं रांगेत येतात तसे बाहेर आले. एकही टिक झाली नाही. पलीकडे जे आत शिरायचे होते, त्यांनीही हे बघितलं आणि तेही मुकाट उतरले.

"अगं, निम्म्याच्या पुढे आलो होतो की!" यजमान म्हणाले.

"आला असाल! मला काय करायचंय?" रेघताई रागावल्या. कुणावर, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. डोळ्यांत आलेलं पाणी त्यांनी पदराने पुसलं.

फोरमन धापा टाकत हसला. "वहिनी, आमची सगळी हिंमत एका हाकेत खाली उतरवलीत!"

"तर काय," कारखान्यातली बाई म्हणाली, "माझी मनगटं होती तिथेच राहिली."

मोजणीबाई दुपारपर्यंत थांबल्या. मग त्यांनी खुर्चीची घडी केली, थर्मास बंद केला आणि रेघताईंपाशी आल्या. "सायकलस्वार शून्य. मला तेच लिहावं लागेल."

"लिहा," रेघताई म्हणाल्या.

"पण पादचारी इतके झालेत, की माझा अंगठा दुखायला लागला. चालणाऱ्यांसाठी फुटपाथ रुंद करायचे पैसे वेगळ्या खात्यात असतात. मागून बघा. मिळतीलच असं नाही म्हणत मी."

सायकलींचा मार्ग अर्थातच तळ्याकाठी मंजूर झाला. साहेब खूश होते. बोगद्याच्या फुटपाथचा प्रस्ताव ऐकून त्यांनी भुवया उंचावल्या, पण नाही म्हणाले नाहीत. "करा. पण एक लक्षात ठेवा, फुटपाथवर सायकलला मनाई असते."

रेघताईंनी फुटपट्टी खाली ठेवली. "मग आमचे हे सायकल घेऊन कुठून जाणार?"

"चालवायला मनाई, ताई. हातात धरून नेली, तर तो माणूस पादचारी."

"म्हणजे ज्या नियमाने मार्ग गेला, त्याच नियमाने फुटपाथ मिळणार?"

"हो."

"आणि माणूस तोच?"

"ताई," साहेब दमून म्हणाले, "इतका विचार करू नका. नकाशा काढा."

त्यांनी आधी तळ्याकाठचा नकाशा काढला. नीट काढला, कारण कामाशी त्यांचं वैर नव्हतं. मग बोगद्याचा घेतला. आपण हरलो की जिंकलो, हे त्यांना अजूनही ठरवता येत नव्हतं. ओरडलो नसतो तर? या प्रश्नापाशी आल्या, की त्या पुढचा विचार करणंच सोडून देत.

नकाशात एक अडचण निघाली. चालणाऱ्या माणसाला किती रुंदी लागते, ते खात्याच्या नियमांच्या पुस्तकात दिलेलं होतं. पण सायकल हातात धरून चालणाऱ्या माणसाला किती लागते, ते कुठेच नव्हतं. असा माणूस पुस्तकाच्या हिशेबात नव्हताच मुळी.

म्हणून रविवारी सकाळी त्यांनी बाहेरच्या खोलीतलं टेबल भिंतीला लावलं आणि यजमानांना सायकल घेऊन मध्ये उभं केलं.

"नुसते उभे नका राहू. रोज धरता तशी धरा."

"रोज डबा असतो कॅरिअरवर."

"मग लावा डबा."

डबा लावला. टेप धरला. एकदा एक माप आलं, दुसऱ्यांदा वेगळं आलं, कारण यजमान मध्येच सायकलवर रेलले.

"अहो, एकदा कुठलं तरी ठरवा ना!"

"माणूस काय नेहमी एकसारखा चालतो का गं?"

सासूबाई दारातून हे बघत होत्या. "आणि समोरून दुसरा आला तर?" त्या म्हणाल्या, आणि काठी टेकत टेकत थेट खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या. "हं, मी आले समोरून. आता?"

रेघताई टेप घेऊन दोघांच्या मध्ये बसल्या. सासूबाई पुढे सरकल्या, यजमानांनी हँडल जरासं आत घेतलं, पेडल सासूबाईंच्या पदराला अडकलं, ते सोडवलं, आणि दोघं कशीबशी एकमेकांच्या बाजूने पलीकडे गेली. रेघताईंनी आलेलं माप लिहिलं, त्याकडे बघितलं, आणि पुढे थोडं वाढवून लिहिलं.

"झालं का माझं?" सासूबाईंनी विचारलं. "का पुन्हा यायचं?"

"या आई, अजून एकदा या," रेघताई म्हणाल्या. "या खेपेला जरा घाईत या. सकाळी सगळे घाईतच असतात."